राहिलेला गाल

"हलू नका. गिऱ्हाइकांच्या गळ्याला वस्तरा लावताना कधी डगमगला नाहीत, आता माझ्या हातात बघून घाबरता?"

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दाढ्या केल्या यांनी, स्वतःच्या गालाला कुणाचा हात लागू दिला नाही. आता उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, तोंड वाकडं, वाचा गेलेली. छातीतली धातूची झडप तेवढी टिकटिक करते. ती बसवल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज.

हर्नियाच्या ऑपरेशनासाठी पाच दिवस गोळी बंद करून पोटात इंजेक्शनं दिली. नंतर डॉक्टरांनी बजावलं, दोन्ही चालू ठेवा, नाहीतर झडपेवर रक्ताची गाठ धरेल, ती मेंदूत जाईल. सुनेने सगळं लिहून घेतलं. पण गोळ्यांची डबी माझ्याकडे, आणि घरात माझ्यापुढे कुणाचं चालतं? घरी आलो, तर पट्टीवर नखाएवढं रक्त दिसलं. म्हटलं, ओल्या जखमेत रक्त पातळ करतात होय? शिकले तेवढे हुकले. गोळी दिली नाही. सून कामावर गेली की इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सला मी दारातूनच परत पाठवायची.

यांनी एकदा विचारलं, "आज गोळी दिली नाहीस?"

"दिली की. विसरभोळे झालात."

हे स्वतःलाच हसले. पाचव्या सकाळी यांच्या उजव्या हातातून पेला पडला.

दवाखान्यात डॉक्टर सुनेला नाही नाही ते बोलले. ती मान खाली घालून उभी. जन्मभर कात्रीसारखी चाललेली माझी जीभ नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली.

वस्तरा हनुवटीवर निसटला. रक्त आलं, थांबेना. बोट दाबून मी सुनेला हाक मारली. ती कापूस घेऊन आली.

"गोळ्या मी बंद केल्या होत्या," मी म्हटलं. "इंजेक्शनंही."

तिने कापूस दाबून धरला. "माहीत आहे, आई. डबीत चार गोळ्या जास्त होत्या."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"बाबा ऐकत होते."

आत्ताही ऐकत होते. माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू भिंतीकडे मान वळवली. डावा गाल व्हायचा राहिला होता, तो माझ्यासमोर आला. दाढीसाठी पुढे केला, की माझ्यापासून तोंड फिरवलं, कुणाला विचारणार?

मी ब्रश पाण्यात बुडवला.