पाहुण्यांचं विमान

“मिस्टर टाइन्स, माझ्या केंड्रियाचं रक्त थांबत नाहीये हो! नर्स म्हणते, नसाऊच्या मोठ्या इस्पितळात न्या, नाहीतर पोर हातची जाईल.”

इझमे धावपट्टीच्या फाटकाशी धापा टाकत उभी होती. बेटावरच्या बंगलेवाल्यांच्या बॅगा उचलण्यात तिचं अर्धं आयुष्य या विमानतळावर गेलं होतं. स्वतःसाठी तिने कधी काही मागितलं नव्हतं. मुलगी सकाळी बाळंत झाली होती. नसाऊला जाणारी टपालाची बोट दुसऱ्या दिवशी येणार होती. समोर एकच विमान होतं आणि त्यात एका बंगल्यातली मंडळी बसलेली. बंगलेवाल्यांखेरीज विमानात कुणाला घ्यायचं नाही, असा विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचा सक्त नियम होता.

विमानतळाचा व्यवस्थापक गार्विन टाइन्स क्षणभर डोकं खाजवत राहिला. मग शिडी चढून आत गेला.

“मंडळी, उतरावं लागेल. बाळंतिणीला न्यायचंय.”

“आणि आमचं पुढचं विमान चुकलं तर? तुमच्या मालकांना फोन करीन मी!” एक गृहस्थ कडाडले.

“करा की. फोन माझ्या टेबलावर आहे. पण आधी उतरा.”

केंड्रियाला गादीसकट आणलं, तेव्हा एक टोक टाइन्सनेच धरलं होतं. बाळाला घेऊन रडत चढणारी इझमे शिडीवर अडखळली.

“रडायचं नंतर, बाई,” तो म्हणाला. “आता बाळाला नीट धर.”

केंड्रिया वाचली. टाइन्सची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर कंपनीचं घरही. इझमे नसाऊहून परतली तोवर तो बेट सोडून गेला होता.

नसाऊच्या पुलाखाली तो तिला सापडला, तेव्हा नात चालायला लागली होती. समुद्री शंखातल्या प्राण्याचं मांस चिरून, त्यात कांदा-मिरची घालून, लिंबू पिळून तो विकत होता.

“माझ्यापायी तुमचं वाटोळं झालं,” इझमे म्हणाली.

“कसलं वाटोळं? इथं कुणाला ‘सर, सर’ करावं लागत नाही. ही कोण गं चिमणी?”

“तीच. त्या दिवशीची.”

टाइन्सचा सुरा थांबला. पोरीने फळीवरची लिंबाची फोड कधीच तोंडात घातली होती; चेहरा वाकडा करून ती पुन्हा चोखत होती. तो पोट धरून हसला आणि हसता हसता त्याने मनगटाने डोळे पुसले.

इझमेने बाह्या वर सारल्या, स्टूल ओढलं आणि शंख साफ करायला घेतला.

“अगं, राहू दे.”

तिने ऐकलं नाही. मग त्याने शंखांची बादली दोघांच्या मधे सरकवली.