लिंबोणीवरची जोडी

नर्मदाबाईनं खराटा लिंबोणीत भिरकावला, तेव्हा भारद्वाज फांदीतून बाहेर पडतच होता. मघाशी तो झाडाखाली चालताना दिसला, तसे तिनं भक्तीनं हात जोडले होते. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. तेवढ्यात तो वर बुलबुलांच्या घरट्याकडे चढला.

घरटं जागच्या जागी होतं. तांबड्या ठिपक्यांची गुलाबी अंडी तेवढी नव्हती. बुलबुलांची जोडी ओरडून ओरडून थकली आणि अंगणावरच्या तारेवर जाऊन बसली.

निकिता याच घरट्यासाठी रोज परभणीहून झरीला यायची. कॉलेजात ती पक्ष्यांचा अभ्यास करत होती. काठीला बांधलेल्या आरशात अंडी बघायची, मग ओट्यावर बसून चहा प्यायची, बस येईपर्यंत बोलायची. नवरा गेल्यापासून नर्मदाबाई एकटीच होती. मुलगा चाकणला, त्याचा फोन यायचा, पण घाईचा.

दुपारी फाटक वाजलं. नर्मदाबाई आडवी येऊन उभी राहिली.

"आज जवळ जाऊ नकू बाई. आत्ताच बसलीय अंड्यावर. लय बिचकायलीय."

निकितानं मान वर केली. तारेवर दोन्ही बुलबुल शेजारी शेजारी बसले होते. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग तिनं काठी भिंतीला टेकवली.

"राहू द्या मग. चहा टाकता, मावशी?"

चहा पिता पिता ती कॉलेजातलं सांगत राहिली. बस आली, गेली. रात्री नर्मदाबाईनं एकटीपुरती भाकरी केली आणि अर्धी तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी निकिता पुन्हा आली. ती चप्पल काढत होती, तोच नर्मदाबाई म्हणाली,

"अंडी न्हाईत गं. कालच गेली. मी खोटं बोलले तुला."

"कळलं होतं मला, मावशी."

"मग आज कशाला आलीस उन्हाची?"

"उद्यापासून पेडगावला जायचंय, तिकडं घरटी सापडलीत. परत इकडं कधी येणं होईल काय माहीत." निकिता ओट्याच्या पायरीवर बसली आणि वेणी सोडू लागली. "तेल हाय का घरात? डोकं लय दुखायलंय."

नर्मदाबाई आत गेली. तेलाची बाटली समोरच्या फळीवरच होती. ती हातात घेऊन नर्मदाबाई बराच वेळ आतच उभी राहिली.