नोंदींचं बिऱ्हाड

लिफ्ट दुरुस्त करण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. त्यात जे शिकलो ते एकोणीस वह्यांत, बिलांच्या पाठीवर आणि फोनमधल्या फोटोंत पडलंय. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा निवृत्त झालो आणि माझ्याकडच्या इमारतींचं काम भाचीकडे आलं. तीही त्याच कंपनीत मेकॅनिक. तोवर कंपनीचा एक माणूस तिच्या जोडीला होता; नव्या वर्षाच्या एक तारखेपासून ती एकटीच कामावर जाणार होती. त्याआधी सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवून तिला द्यायचं मीच कबूल केलं होतं.

त्यासाठी सॉफ्टवेअर निवडायला बसलो आणि नाकी नऊ आले. पहिल्यात सगळं फोल्डरमध्ये कोंबायचं. एका इमारतीत सातव्या मजल्यावरचं दार अडकायचं, कारण सफाईवाल्या बाई जिना धुतला की पाणी दाराच्या खाचेत ढकलायच्या. ही नोंद इमारतीखाली घालू, दाराखाली घालू, की बाईंचंच फोल्डर उघडू? दुसऱ्यात नोंदी एकमेकींना जोडता यायच्या. आठवड्याभरात पडद्यावर असा गुंता झाला की बघूनच डोकं उठलं. तिसऱ्याला सतत इंटरनेट लागायचं, आणि लिफ्टच्या खड्ड्यात रेंज नसते हे ते बनवणाऱ्याला कोण सांगणार? चौथं चांगलं होतं. त्याचा रंग मला आवडला नाही.

दर वेळी त्याच पहिल्या चाळीस नोंदी टाइप करायच्या, खोट काढायची आणि बिऱ्हाड हलवायचं. पाच महिने हेच चाललं. बायको म्हणायची, मला पसंत करताना तिने याच्या निम्मा विचार केला असता तर बरं झालं असतं.

भाची मात्र रोज फोन करायची. अमक्या ठिकाणी दार दोनदा उघडतंय, तमक्या ठिकाणी लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबतेय. मी खुर्चीत डोळे मिटून काय बघायचं ते सांगायचो. फोन ठेवला की अंगातला शीण थोडा उतरायचा.

एक तारीख उलटून गेली तरी माझं पाचवं सॉफ्टवेअर चालूच होतं. त्या गुरुवारी दुपारी मी गोळ्या घेऊन झोपलो होतो आणि फोन दुसऱ्या खोलीत होता. संध्याकाळी भाची घरी आली, हातांचं ग्रीससुद्धा न धुता. एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. हाताने ब्रेक सोडवायचा दांडा मशीनच्या खोलीत नव्हता. तिने मला अकरा फोन केले. दुसरीकडून दांडा येईपर्यंत ते दीड तास आत होते, आणि बाहेर काढलं तेव्हा त्यांना धड बोलवत नव्हतं.

दांडा चोरीला जातो म्हणून मीच तो गच्चीवरच्या टाकीमागे ठेवला होता. तसं तिसऱ्या वहीत लिहिलंय. पहिल्या चाळीस नोंदींत ते नव्हतं.

"मामा, तुला या वह्या मला द्यायच्यात की नाही?" तिने विचारलं.

मी सॉफ्टवेअरच्या खोडींचा पाढा वाचायला लागलो. तिने अडवलं नाही. शेवटी मीच थकलो.

"दिल्या की तू फोन करणार नाहीस," मी म्हणालो. बोलून गेल्यावर फार लाज वाटली.

तिने हातांचं ग्रीस फडक्याला पुसलं. मग म्हणाली, "तसं सांगायचंस ना. मी उगीचही फोन केला असता."

तिने तिथेच बसून प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि सगळे इमारतीप्रमाणे लावून चौथ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले. दोन संध्याकाळींत काम उरकलं.

आता ती रविवारी फोन करते. गुडघा कसा आहे, गोळ्या घेतोस का, विचारते. बायकोला तिचं भारी कौतुक. परवा मलाच राहवलं नाही. मध्येच विचारलं, कुठली लिफ्ट बिघडलीय का.

"नाही रे मामा, सगळ्या नीट चालल्यात," ती म्हणाली, आणि मला वाईट वाटलं.