पिंपाची मान

पोटाच्या घेरातून मानेचा घेर वजा करायचा आणि त्यावरून अंगातली चरबी ठरवायची, हा जवानांसाठीचा नवा नियम माझा. नुसत्या काट्यावर भलेभले दणकट गडी नापास व्हायचे, म्हणून मी तो सुचवला. लष्करातली डॉक्टर आहे मी, आणि खोटं कशाला बोलू, त्या नियमाचा मला गर्वच होता.

तोफखान्यातला एक जवान गेल्या खेपेला थोडक्यात हुकला होता. सगळे त्याला पिंप म्हणायचे. आज हुकला तर डोंगरी पथकातून नाव कटणार होतं, आणि त्या पथकावर त्याचा भारी जीव.

टेप लावली. पोट होतं तिथेच होतं, मान मात्र चांगली दोन बोटं वाढलेली. पिंप पास!

"अहो, केलंत तरी काय?"

तो लाजला. "पोट काही ऐकेना मॅडम, म्हटलं मान वाढवू. कपाळावर वाळूची पिशवी ठेवून रोज डोकं उचलतो. आमची ही म्हणते, मान बैलाची झाली, आता अक्कल तेवढी वाढवा."

मी पोट धरून हसले. शेरास सव्वाशेर भेटला होता.

पण मला राहवेना. इतक्यात एवढी मान? व्यायामाने ती बाजूंनी भरते, याची तर पुढून फुगली होती. "एक घोट पाणी प्या बघू." त्याने गिळलं, तशी गळ्यातला फुगवटा वर सरकला.

"थंडी वाजते का हो?"

"सारखी. आणि बसलो की डोळा लागतो. ही मला कुंभकर्ण म्हणते."

गलगंड होता तो, थायरॉईड मंदावलेला. त्याच आजाराने पोट सुटलं होतं आणि त्याच आजाराने मान फुगवून त्याला माझ्या नियमात बसवलं होतं.

"घाबरू नका. औषधाने गाठ बसेल, पोटही उतरेल."

"आधी काय उतरेल मॅडम? मान की पोट?"

"तसं नक्की सांगता येत नाही. मान आधी उतरू शकते."

तो हळूच म्हणाला, "मग औषध पुढच्या मोजणीनंतर सुरू केलं तर?"

माझ्या नियमापायी हा बाबा आजार जपून ठेवायला निघाला होता.

"आजपासूनच घ्यायचं!" मी ओरडलेच, पण त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस मला झालं नाही.