थोरल्या जाऊबाईंचा उपास

"घ्या की हो वहिनी, आणखी किती मनधरणी करायची माणसानं!"

झिन्सूने लांब चिमट्यात धरलेला मेलेला ससा पुन्हा एकदा हलवला. वहिनींनी जीभ बाहेर काढली, दोनदा लवलवली आणि तोंड फिरवून वेटोळ्यात खुपसलं.

"झालं. नापास केला तुमचा ससा," मी जाळीच्या बाहेरून म्हटलं.

"तू गप गं. तुला बघून बुजते ती."

"ती मला बुजते? वा! एवढं मोठं धूड आणि मला बुजतं!"

एरवी यावर झिन्सू हसला असता. आज त्याने ससा बाहेर काढला आणि चिमटा भिंतीला टेकवून तिथेच उकिडवा बसला.

या वहिनी म्हणजे माझ्या दिराची, साग्बोभावजींची, अजगरीण. मांडीएवढी जाड, दोन माणसं ओळीने झोपवली तर होतील तेवढी लांब. शेतातलं गवत जाळताना भावजींना पिल्लू सापडलं होतं, ते सदऱ्यात गुंडाळून घरी आणलं. आमच्याकडे देवाचे अजगर असतात ते लहान. ते घरात शिरले तर लोक हात जोडतात. ही मोठी जात रानातली. तिला कोणी हात जोडत नाही, पातेलं शोधतात. भावजींनी लग्न केलं नाही. आई मुलगी बघू लागली की पिंजऱ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही काय, आहे की सून!" मग काय, झिन्सूची ती वहिनी झाली आणि माझी थोरली जाऊबाई.

थोरलीच. झिन्सू आणि साग्बो जुळे. झिन्सू आधी जन्मला, पण आमच्यात जुळ्यांतला मागून येतो तो मोठा. तो धाकट्याला पुढे पाठवतो, जा रे, बाहेर काय आहे बघून ये म्हणून. भावजींनी हा मोठेपणा जन्मभर गाजवला. पावसात खाडीवर जायचं, झिन्सू पुढे. बापाचा मार खायचा, झिन्सू पुढे.

आणि मग ताप आला आणि भावजी पुढे गेले.

गेले असं आम्ही जुळ्याबद्दल म्हणत नाही. लाकडं आणायला रानात गेलाय म्हणतात. बाकी सगळ्यांना त्याचा अर्थ कळतो. माझ्या सासूबाईंना कळूनही कळत नव्हता. रोज त्या भावजींसाठी पानात अकासा, मक्याच्या पिठाचा गोळा, वाढून झाकून ठेवायच्या. अशा रानात गेलेल्या जुळ्याची लाकडाची बाहुली करून घ्यायची असते, तिला न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं, त्याच्याच कपड्यातला तुकडा नेसवायचा. सुतार दोनदा विचारून गेला. दोन्ही वेळा सासूबाई म्हणाल्या, "अरे, यायचाय तो अजून. बाहुली कशाला?"

भावजी बदकं पाळायचे. जाऊबाई पहिल्यापासून बदकावर वाढली, दुसऱ्या कशाला तोंड लावायची नाही. कोंबडी दिली तरी नाक मुरडायची. भावजी गेले आणि त्याच मोसमात खाडीकाठच्या बदकांवर रोग आला. गावोगावची बदकं खड्ड्यात पुरली, आमचीही. विदा गावच्या बाजारात औषधालासुद्धा बदक मिळेना. ससे मात्र घरोघर. म्हणून हा ससा.

जाऊबाई वाळत चालली. पाठीचा कणा वर आला, कातडी सैल पडली. शेजारची दोव्ही रोज कुंपणावरून विचारायची, "काय गं अफियावी, अजून उपाशी ठेवून हाडंच करताय का तिची? थोडं मांस आहे तोवर रस्सा तरी होईल!"

"तुझ्या नवऱ्याचा कर आधी," मी म्हणायची. पण जाता-येता पिंजऱ्यात डोकवायचीच. मला त्या सापाची माया नव्हती, खोटं कशाला बोलू? माया होती ती पिंजऱ्याशी बसणाऱ्या माझ्या नवऱ्याची. झेम्यांच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्यांच्या, मोटारसायकली दुरुस्त करून घरी यायचा तो थेट तिच्यापाशी.

"मेली तर त्याला काय सांगू?" एकदा मला म्हणाला. "एवढी एकच तर मागं ठेवून गेलाय."

मग मीच बोलले. आमची पोर दूध सोडत नव्हती तेव्हा सासूबाईंनी माझं लुगडं अंगाभोवती गुंडाळून तिला पेज भरवली होती. पोरीने आईच्या वासावर मुकाट्याने गिळली. "सशाला बदकाचा वास द्या," मी म्हटलं. "साप वासावरच तर खातो."

"बदकं आहेत कुठं?"

नव्हतीच. खुराडंसुद्धा रोगाच्या भीतीने जाळलं होतं. बदकांचा वास साऱ्या घरात एकाच ठिकाणी उरला होता, सासूबाईंच्या उशाशी. भावजींचा न धुतलेला निळा सदरा, पिवळे मासे छापलेला. तो घालून ते बदकांत लोळायचे म्हटलं तरी चालेल. सासूबाई त्यावर डोकं ठेवून निजायच्या.

झिन्सूचाही तसाच सदरा होता. जुळ्यांना कापड एकाच ताग्यातलं, नाहीतर रुसतात. धुण्याच्या वेळी मी हुंगून ओळखायची, पेट्रोल ते आमचे, बदक ते भावजींचे. धुतल्यावर मात्र कुठलाही कोणीही घालायचं. आईला विचारायला नको म्हणून झिन्सूने आधी आपल्याच सदऱ्यात ससा गुंडाळून बघितला. जाऊबाईने नुसता फुत्कार टाकला. तिला कोण फसवणार!

शेवटी तो आईसमोर जाऊन बसला. नखाने जमीन उकरत राहिला.

"बोल की रे. तोंडात काय गारीचं पीठ भरलंय?"

"आई, साग्बोचा सदरा पाहिजे."

सासूबाईंनी उशाशी हात नेला. "कशाला?"

त्याने सांगितलं. मी दारात उभी होते. वाटलं, आता ही म्हातारी आकाशपाताळ एक करणार. त्यांनी सदरा पोटाशी धरला, तोंड त्यात खुपसलं.

"ह्यात ससा गुंडाळणार तू."

"हो."

"मग त्याचा वास जाईल."

झिन्सू खाली बघत म्हणाला, "जाईल, आई."

"आणि ती जगेल?"

"माहीत नाही."

"तो लाकडं घेऊन आला आणि म्हणाला, आई, माझी बायको कुठंय, तर मी काय सांगू त्याला?" सदरा त्यांनी झिन्सूच्या मांडीवर टाकला. "ने. पण धुवायचा नाही. सांगून ठेवते, कोणी पाणी लावायचं नाही त्याला."

त्या संध्याकाळी ससा सदऱ्यात गुंडाळून ठेवला आणि मग चिमट्यात धरून आत दिला. जाऊबाईची जीभ बाहेर आली. पुन्हा आली. डोकं उचललं, आणि अशी झेपावली की झिन्सूच्या हातातला चिमटा उडाला. सशाला विळखा बसला. मी किंचाळले. झिन्सू एकाच वेळी हसत होता आणि रडत होता. "घेतला! आई, घेतला गं!"

सासूबाई बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या खेपेला पुन्हा सदरा. त्याच्या पुढच्या खेपेला सशावरून नुसता ओझरता फिरवला. दर खेपेला सदरा उशाशी परत जायचा आणि सासूबाई त्यात नाक खुपसून बराच वेळ शोधत राहायच्या. मला बघवायचं नाही.

मग एकदा सदरा न लावताच झिन्सूने ससा धरला. त्याच्या हाताला पेट्रोलचा वास, सशाला सशाचा. जाऊबाईने क्षणभरही वाट बघितली नाही.

मला आनंद झाला. "सुटलो बाई एकदाचे!" मी म्हटलं. झिन्सू ससा आत जाईपर्यंत बघत राहिला, मग जाळीला कपाळ टेकून ढसाढसा रडला. भावजींच्या तापात रडला नव्हता, मातीला रडला नव्हता, तेवढं रडला.

"विसरली ती त्याला," म्हणाला. "मीच शिकवलं तिला. जन्मभर मला पुढं ढकलायचा गं, या खेपेला एकटाच गेला."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार?

सकाळी सासूबाई विहिरीपाशी आल्या. हातात सदरा. "खाल्लं म्हणे तिनं. सदऱ्याशिवाय."

"हो, आई."

"सशाचा वास येतो आता ह्याला." त्यांनी तो माझ्या घमेल्यात टाकला. "धुऊन टाक."

त्या वळून निघून गेल्या. त्या दिवशी पान वाढलं ते आमच्यापुरतं.

मी साबण लावला, घासला, पिळला. रडत रडत धुतलं सगळं. घमेल्यात झिन्सूचाही तसाच सदरा भिजत होता हे दोन्ही दोरीवर टाकल्यावर माझ्या ध्यानात आलं. वर्षानुवर्षांची सवय, हाताने आपलं काम केलं. दोन निळे सदरे, पिवळे मासे, उन्हात शेजारी शेजारी. मी एक हुंगला, दुसरा हुंगला. दोन्हींना साबणाचा वास.

सासूबाई कात्री घेऊन आल्या. मागे अंगणात सुतार बसला होता, लाकडाचा तुकडा मांडीवर घेऊन.

"बाहुलीला नेसवायला कापड पाहिजे," त्या म्हणाल्या. दोरीकडे बघून थबकल्या. "ह्यातला त्याचा कुठला गं?"

कुठला कुणाचा, मलाच कळत नव्हतं. पण थांबले असते तर त्यांना कळलं असतं.

"हा," मी म्हटलं.

त्यांनी तो दोरीवरून काढला, नाकाला लावला, डोळे मिटले. मग म्हणाल्या, "हो. हाच."

आणि कात्री चालवली.

राहिलेला सदरा झिन्सूने अंगात घातला आणि कामावर गेला.