रोह्याची बिननावाची कॅसेट

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डर. जुना म्हणा, मला राग नाही. बिघडलेला तेवढं म्हणू नका. पेणमध्ये एका खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम आहे आणि माझं बटण अजून एका दाबात खाली जातं.

मला दोन कामं येतात. ऐकलेलं जसंच्या तसं जपून ठेवणं, आणि आधीचं पुसणं. लोकांना वाटतं, ही कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पण माझ्या पोटात ती शेजारीशेजारी बसवली आहेत. फीत पुढे सरकते, पहिलं हेड पुसतं, दुसरं भरतं. काय पुसायचं, काय भरायचं, हे मला कोणी विचारत नाही.

कारखान्यात माझ्यासोबत माझी शंभर भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती. तिथून मी पनवेलच्या एका दुकानात आलो आणि काचेच्या कपाटात ऐटीत बसलो. १९८९ साली महिपती मास्तर मला घेऊन पेणला आले. शाळेत संगीत शिकवणारे मास्तर, म्हणजे आता आपली चैन, असं मी मनात म्हटलं. सकाळी भूपाळी, संध्याकाळी भजन, मधूनमधून एखादं नाट्यगीत. पण मास्तरांनी मला पहिल्या दिवशी मोरीत नेलं आणि बादलीत टपटपणाऱ्या नळाचा आवाज भरून घेतला. खरं सांगतो, मला अपमान वाटला.

मास्तर शाळेपुरते संगीतशिक्षक होते. खरे ते संगीताचे अभ्यासक. तरुणपणी मुंबईला एका मित्राच्या घरी त्यांनी परदेशातलं नवं संगीत ऐकलं होतं. त्यात ना ठेका, ना चाल, नुसते नाद. त्यानंतर तीन दिवस त्यांना भाताची चव लागली नाही म्हणे. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. आजच्या माणसाला आजचं संगीत हवं, आणि ते आपल्याकडेही व्हायला हवं. त्यांनी लेख लिहिले, ते परत आले. भाषणं केली, तीही केली म्हणायची. पेणच्या एका भाषणाला एकवीस माणसं आली होती आणि संपताना चार उरली होती. त्या चारांतला एक खुर्च्या उचलायला थांबलेला होता.

गावात चेष्टा व्हायची. पिठाची गिरणी अडकली, की कोणीतरी म्हणायचंच, "मास्तरांना बोलवा रे, मैफल सुरू झाली!" मास्तर हसायचे. त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं. "आधी ऐका, मग नाक मुरडा."

त्यांच्या पत्नी सीताबाई जिते गावापलीकडच्या खाडीकाठच्या. वडील मिठागरात राबलेले. सीताबाईंचा गळा गोड होता, जात्यावरच्या ओव्या आणि हळदीची गाणी त्यांना ढिगानं येत. पण मास्तर भरायचे काय, तर एसटीचा गिअर, सुपातले तांदूळ, पत्र्यावरचे कावळे. सीताबाई एकदा म्हणाल्याही, "साऱ्या जगाचा आवाज भरलात. माझा नाय भरलात कधी."

"तू काय, घरातच आहेस," मास्तर म्हणाले. चांगली माणसंही कधीकधी असं बोलून जातात.

मग मृणाली आली. रोह्याची मुलगी, बावीस वर्षांची. मास्तरांचा एक लेख वाचून ती घर शोधत आली होती. "सर, मला असं काहीतरी करायचंय," म्हणाली. मास्तरांची ती जन्माची वाट पाहिलेली पाहुणी. वर्षभर ती येत राहिली आणि तिनं एक रचना बांधली. त्यात पेटी होती, पण पट्टी दाबायची नाही, नुसता भात्याचा श्वास. एक तांब्याचा हंडा होता. मीठ ओढायचं लाकडी फावडं होतं, ते खडामिठावरून हळूहळू ओढायचं. आणि मृणालीचा आवाज, शब्दांशिवाय. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. चार माणसांनी एकमेकांकडे बघत, एकमेकांचं ऐकत वाजवायचं.

१९९३ च्या माघात रोह्याच्या एका शाळेत ती रचना सादर झाली. मी पुढच्या बाकावर बसलो होतो. सत्तावीस मिनिटं मी श्वास रोखून ऐकलं, फितीवर भरलं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला मोरीतला नळसुद्धा कळला. लोकांना मात्र काही कळलं नाही. निम्मे उठून गेले. हैबतराव म्हणून रोह्याचे नावाजलेले भजनीबुवा होते, ते उभे राहून म्हणाले, "मास्तर, ह्याला संगीत म्हणायचं, तर आमच्या पंपाला गवई म्हणावं लागंल."

"म्हणा की," मास्तर म्हणाले. "पण आधी ऐका."

मृणालीचे डोळे भरले होते. पुढच्याच महिन्यात तिचं लग्न होतं आणि ती दूर चंद्रपूरला जाणार होती. जाताना ती मास्तरांना म्हणाली, "सर, हे परत होणार नाही. तुमच्याकडे आहे तेवढंच. मी न्यायला येईन."

"माझ्या जिवासारखं सांभाळीन," मास्तर म्हणाले.

आता कॅसेटची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांना प्लॅस्टिकचे दोन इवलेसे तुकडे असतात. ते मोडले, की तिथे खाच पडते. माझ्या आत एक लहानशी पट्टी आहे, ती त्या खाचेत चाचपते. खाच रिकामी असली, की मी लाल बटण खाली जाऊच देत नाही. आयुष्यात एवढा एकच नकार मला देता येतो. मास्तरांनी रोह्याच्या कॅसेटचा पुढच्या बाजूचा तुकडा स्वतः मोडला.

पण लेबल लावलं नाही. इतर प्रत्येक कॅसेटवर त्यांच्या बारीक अक्षरात लेबल होतं आणि घरात सक्त नियम होता, लेबलवाल्या कॅसेटला हात लावायचा नाही. ही एकच बिननावाची राहिली. मृणालीनं रचनेला नाव दिलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "नाव दिलं की लोक नावच ऐकतात." ती कॅसेट माझ्यातच असायची आणि घरात दुसरं कोणी नसताना ते ती पुन्हापुन्हा ऐकायचे.

१९९६ च्या भाद्रपदात मास्तरांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा थोडाफार हलायचा. ज्या माणसानं तीस वर्षं सगळ्यांना ऐका, ऐका म्हणून सांगितलं, त्याला आता पाणी हवं हेही सांगता येईना. डॉक्टर सीताबाईंना म्हणाले, "त्यांच्या कानावर आवडीचं काहीतरी पडू द्या."

सीताबाई दुपारी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना रंगाचा हात द्यायला जायच्या. तेवढे तीन तास मास्तर एकटे पडायचे, आणि सीताबाईंचा जीव तिकडे ब्रशवर लागायचा नाही. एके दिवशी जायच्या आधी त्यांनी माझं बटण दाबलं. पेटीचा भाता सुरू झाला. नुसती हवा. आत, बाहेर, आत, बाहेर. खाटेवर मास्तरांचे डोळे उजळले. पण सीताबाई त्यांच्याकडे पाठ करून माझ्याकडे बघत होत्या.

शेजारच्या हौसाबाई दारात उभ्या होत्या. "वारा भरलाय गो नुस्ता," त्या म्हणाल्या. "दमट हवेनं खराब झाली कॅसेट."

"लेबल पण नाय," सीताबाई म्हणाल्या. "रिकामीच दिसते." मग म्हणाल्या, "हौसा, मीच गाऊन ठेवू का? मी नसले तरी माझा आवाज सोबतीला राहील."

"ठेव की गो! बरं वाटंल त्यांना."

त्यांनी फीत सुरुवातीपर्यंत मागे नेली आणि लाल बटण दाबलं. मी खाली जाऊ दिलं नाही. पुन्हा दाबलं. मी तसाच. मित्रांनो, त्या वेळी मी किती आनंदात होतो!

"खाचेत कागद कोंब," हौसाबाई म्हणाल्या. "आम्ही शिनेमाच्या कॅसेटी अशाच भरतो."

वहीच्या कोपऱ्याचा तुकडा, त्याचा बोळा, तो खाचेत. माझी पट्टी चाचपायला गेली आणि कागदावर टेकली. माझा नकार संपला. कॅसेटची मागची बाजू अख्खी कोरी होती. उलटी घातली असती तरी भागलं असतं. हे मला माहीत होतं, पण बोलायला मला स्वतःचा आवाज कुठे आहे?

सीताबाई गाऊ लागल्या आणि मी पुसू लागलो.

मास्तरांना पहिल्या ओवीतच कळलं. खाटेपासून मी पाच हातांवर होतो. त्यांनी डावा हात उचलला, तो पडला. मग ते ओरडले. "अं... अं..." सगळा जीव गोळा करून ओरडले. सीताबाईंना वाटलं, गाणं ओळखलं, खूश झाले. त्या हसल्या आणि आणखी मोकळ्या गळ्यानं गाऊ लागल्या. इतकं सुरेल गाणं मी त्याआधी कधी भरलं नव्हतं, आणि मला मरावंसं वाटत होतं.

तेविसाव्या मिनिटाला त्या थांबल्या. शेवटची चार मिनिटं वाचली.

पुढे दीड वर्ष रोज तेच. सीताबाई मला सुरू करून, मास्तरांच्या कपाळावर हात ठेवून कामाला निघत. मास्तर तेवीस मिनिटं बायकोचं गाणं ऐकत. ते गाणं चांगलं होतं, हेही त्यांना कळत होतं, आणि तेच जास्त दुखत असेल. मग एक टक्क असा आवाज यायचा आणि पुढे ती चार मिनिटं. मास्तरांचं डावं बोट चादरीवर हलायचं. हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक होतं.

१९९८ च्या फाल्गुनात मृणाली आली. केसांत एखादी रुपेरी बट, अंगानं वाळलेली. मास्तरांना बघून ती दारातच थबकली. मग जवळ बसली, त्यांचा डावा हात हातात घेतला. जरा वेळानं सीताबाईंना म्हणाली, "काकू, रोह्याची कॅसेट न्यायला आलेय."

सीताबाईंनी सगळं खोकं खाटेवर रिकामं केलं. एकेक लेबल वाचलं. "रोहा असं कुठं दिसत नाय गो."

"तिला लेबल नव्हतं, काकू."

सीताबाईंचा हात जिथल्या तिथे राहिला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, बिघडलेली हाय," एवढंच त्या म्हणाल्या, दोनदा.

मृणाली रागावली नाही. निदान बोलली तरी नाही. तिनं मला सुरू केलं आणि डोळे मिटून ऐकत बसली, मास्तरांनी शिकवलं होतं तसं, सगळं. तिसऱ्या ओवीपाशी तिनं डोळे उघडले. सीताबाईंच्या आवाजामागे, लांबून, "अं... अं..." असं येत होतं. मी तेही भरलं होतं, मला निवडता येत नाही. दीड वर्षात सीताबाईंना ते कधी ऐकू आलं नव्हतं, स्वतःच्या गाण्यामागचं कोण ऐकतो? मृणालीला मात्र सगळं समजलं. तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डावं बोट हळूच उचलून ओठांवर ठेवलं.

"काकू," मृणाली म्हणाली, "किती सुंदर गायलात."

मग टक्क झालं आणि ती चार मिनिटं आली. हंड्याचा एक ठोका. मग खडामिठावरून ओढलेलं फावडं, सर्र करून जाणारं आणि थांबणारं. सीताबाईंनी मान वर केली. आज पहिल्यांदा त्या माझ्याकडे न बघता ऐकत होत्या.

"ह्यो तर मीठ वढायचा आवाज," त्या म्हणाल्या. "माझा बा वढायचा. अस्साच. मी बांधावर बसलेली असायची." त्यांनी पदर तोंडाला लावला. "परत नाय गो करता यायचं?"

"चार माणसं चार ठिकाणी गेली, काकू. आणि मीसुद्धा ती राहिले नाही."

निघताना मृणालीनं केसांतली पिन काढली, खाचेतला कागदाचा बोळा टोकरून बाहेर काढला आणि खिडकीतून टाकून दिला. कॅसेट तिनं नेली नाही. "सर आहेत तोवर इथेच राहू दे," म्हणाली. माझा नकार मला परत मिळाला. आता तो कशासाठी, हे मात्र मला कळलं नाही.

गेल्या चैत्रात मास्तर गेले. सीताबाई आता दुपारी कामावरून लवकर येतात, पाय पुसतात आणि माझ्यासमोर पाट घेऊन बसतात. स्वतःचं गाणं भराभर पुढे सरकवतात, शेवटची चार मिनिटं लावतात. फावडं सर्र करून थांबलं, फीत संपली, की माझ्यावर हात ठेवून विचारतात, "ह्याच्या आधी काय होतं रे?"

मित्रांनो, मला सांगता येत नाही. आवाज नाही म्हणून नाही. जे मी पुसलं, ते मलाही आठवत नाही.

म्हणून तुमच्या घरी एखादी बिननावाची कॅसेट असेल, नुसती खरखर वाटत असेल, तरी लाल बटण दाबण्याआधी ती शेवटपर्यंत ऐका. खोलीत आणखी कोणी ऐकत असेल, तर एकदा मागे वळून त्याच्या तोंडाकडेही बघा. नाक काय, नंतरही मुरडता येतं.