गुलाबी रेषेच्या अलीकडे

मित्रांनो, बहुतेक काटे चालण्यासाठी जन्मतात. मी थांबण्यासाठी जन्मलो. मी एक जुना तांबडा काटा आहे, शर्यतीच्या एका ब्रिटिश गाडीच्या मीटरमधला. इंजिन मिनिटाला किती गिरक्या घेते, हे त्या मीटरवर दिसते. काचेमागे आम्ही दोघे भाऊ राहतो. थोरला पांढरा काटा. इंजिन फिरेल तसा तो वरखाली होतो, तोही घड्याळासारखा टिकटिक करत, टप्प्याटप्प्याने. वर जाताना तो मला ढकलत नेतो. खाली येताना मात्र मला तिथेच सोडून येतो. जिथे सोडले तिथे मी उभा. इंजिन बंद होते, लोक घरी जातात, तरी मी सांगत राहतो की आज इंजिन जास्तीत जास्त इतके फिरले. मीटरच्या पाठीमागे एक बारीकशी कळ आहे. ती पिळली की मी शून्यावर येतो आणि सारे विसरतो.

ड्रायव्हर लोक मेकॅनिकला थापा मारतात, म्हणून माझा जन्म झाला. मला एका कारखान्यात बारीक कुंचल्याने रंगवले गेले. मग मी एका बुटक्या, हिरव्या, बिनदाराच्या गाडीत बसलो. नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, एवढेच तिचे अंग. या हातातून त्या हातात जात ती एका तरुण ड्रायव्हरकडे आली. त्याला सगळे भिंगरी म्हणत. गाडीची सारी देखभाल त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडे होती. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत.

मिस्त्रींनी आमचे मीटर मुद्दाम तिरके बसवले. भिंगरीला आकडे वाचायला सवड नसे. पांढरा काटा सरळ वर उभा राहिला की गियर बदलायचा, एवढेच त्याला कळायला हवे होते. त्यासाठी ड्रायव्हरसमोरच्या, मीटर बसवायच्या फळीला नवी भोके पाडावी लागली. त्यातले एक चुकले, तेव्हा मिस्त्रींनी ते कानशीने घासून लांबट केले. मित्रांनो, हे लांबट भोक लक्षात ठेवा.

ते दिवस छान होते. गाडी धावून आली की लोक भिंगरीकडे धावत आणि मिस्त्री माझ्याकडे. "आज फार ताणली नाही हं, भावजी," असे भिंगरीने म्हणावे आणि मिस्त्रींनी काचेवर टिचकी मारून म्हणावे, "तुमचं राहू द्या. तांबड्यानं सांगितलंय मला." शेजारी भिंगरीची ताई हसत उभी असे. माझ्या शब्दाला इतका मान पुन्हा कधीच मिळाला नाही.

एकदा मिस्त्रींनी इंजिन पूर्ण उतरवून नव्याने जोडले. नवे जोडलेले इंजिन पहिल्यांदा हळूच चालवायचे असते, तान्ह्या पोराला पाऊल टाकायला शिकवावे तसे. त्या सकाळी त्यांनी ताईकडून नखांना लावायच्या गुलाबी रंगाची बाटली मागून आणली. आगपेटीच्या काडीने त्यांनी मीटरच्या काचेवर एक रेघ ओढली.

"मेहुणे, आज काटा या रेषेपलीकडे गेला तर मी काही बोलणार नाही," ते म्हणाले. "सरळ तुमच्या ताईला सांगेन."

"तिला मी आधीच शब्द दिलाय," भिंगरी म्हणाला. त्याने मागची कळ पिळली आणि मला शून्यावर आणले. "कोरी पाटी, भावजी. बघा आल्यावर."

तो खरेच हळू निघाला. पांढऱ्याने मला रेषेच्या जवाभर अलीकडे नेले आणि सोडले. पुन्हा तो तितका वर आलाही नाही. झाडांमागच्या वळणावर सारे सुरळीत होते. मग पांढरा एकदम शून्यावर कोसळला. टिकटिक करत उतरला नाही, कोसळला. इंजिन जागच्या जागी जखडले, मागची चाके रुतल्यासारखी थांबली आणि गाडी आडवी झाली. पुढचे मी सांगणार नाही. तिथे एक झाड होते, एवढेच.

आमची काच फुटली नाही. हे माझे नशीब म्हणा, नाहीतर दुर्दैव.

भिंगरीला उचलून नेल्यावर मिस्त्री गाडीपाशी आले. ते वाकले आणि त्यांनी मला वाचले. खूप वेळ वाचले. मग त्यांचा हात मीटरच्या पाठीमागे गेला आणि बोट कळीवर टेकले. ते बोट तिथेच घुटमळले. पण कळ फिरली नाही. त्यांनी मीटर सोडवले, सदऱ्याआड लपवले आणि ते घरी गेले. बाहेर लोक बोलू लागले होते. भिंगरीच तो, त्याला कुठला धीर, नव्या इंजिनावर तुटून पडला असणार. मिस्त्री हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. लोकांनी त्यांचे मौन होकारात जमा केले. ताईनेही.

माझे पुढचे आयुष्य बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात गेले. मिस्त्रींनी गाड्यांचे काम कायमचे सोडले. घरातल्याच पुढच्या खोलीत ते शिलाई मशिने दुरुस्त करू लागले. डब्यातून मला फक्त आवाज येत. मशीन चालायचे, आणि कधी दोरा अडकून खटकन थांबायचे. ते थांबले की मिस्त्री उठून घराबाहेर जात. ताई विचारी, कुठे निघालात? दार लोटल्याचा आवाज येई.

ताई भावाविषयी फारशी बोलत नसे. कुणी विषय काढलाच तर एवढेच म्हणे, "मला शब्द दिला होता त्यानं. मोडला, आणि गेला." त्याचा फोटो तिने कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला होता. हे ऐकत मी तिथेच होतो, भिंतीपलीकडे. मला तोंड नव्हते.

अधूनमधून, ताई दुपारी लवंडली की मिस्त्री डबा उघडत. फडके बाजूला करत. एकदा गुलाबी रेषेकडे बघत, एकदा माझ्याकडे. मग बोट कळीवर ठेवत. दर वेळी मला वाटे, आज संपले. दर वेळी फडके पुन्हा गुंडाळले जाई आणि झाकण लागे. पुढच्या वेळेपर्यंत त्या बोटाचा थंडपणा कळीतून माझ्यापर्यंत झिरपत राही. अंधारात मी पांढऱ्याला विचारी, त्या दिवशी तू का पडलास? त्याची स्प्रिंग तुटली होती. तो शून्यावर पडून असे.

मग मिस्त्री गेले. डबा तसाच राहिला.

आणि एके दिवशी एक मुलगी त्या घरी आली. जुन्या गाड्यांची ओळख पटवणे हा तिचा व्यवसाय. मित्रांनो, शर्यतीची जुनी गाडी म्हणजे सरळ हिशेब नसतो. मोडलेल्या गाडीचा सांगाडा एकीकडे जातो, इंजिन दुसरीकडे. नंबराची पट्टी तर दोन रिव्हेट काढले की कुठल्याही गाडीला लावता येते. आमच्या हिरव्या गाडीचेही तसेच झाले होते. तिची पट्टी दुसऱ्याच एका गाडीवर मिरवत होती. सांगाडा एका गोदामात सापडला होता, आणि त्याच्या नव्या मालकाला हीच ती गाडी असल्याचा पुरावा हवा होता. मुलीचा पट्टीवर विश्वास नव्हता. तिने रंगाचे थर खरवडून पाहिले, नळ्यांचे सांधे पाहिले. समोरच्या फळीत मीटरच्या जागी एक रिकामी खोबण होती, डोळा काढून घेतल्यासारखी. तिच्या कडेला एक भोक लांबट होते. असे भोक कारखाना पाडत नाही, माणूस पाडतो. त्या माणसाचा माग काढत ती इथवर आली होती.

ताई आता म्हातारी झाली होती. तिने डबा आणून टेबलावर ठेवला. "ह्यांचं आहे काहीतरी," ती म्हणाली. "मी कधी उघडला नाही. हे गेल्यावरही नाही. तूच उघड."

मुलीने आम्हाला बाहेर काढले. फळीतल्या भोकांचा कागदावर उतरवलेला ठसा तिने मीटर फळीला बसवायच्या पट्टीवर ठेवला. भोकाला भोक जुळले. एका स्क्रूच्या आट्यांत हिरवा रंगही अडकलेला होता. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटले. मग तिने तेच केले, जे तिच्या व्यवसायातला प्रत्येक जण सवयीने करतो. एका हाताने तिने स्पिरिटचा बोळा घेतला. दुसरा हात मीटरच्या मागे गेला आणि बोट कळीवर टेकले. हे बोट घुटमळत नव्हते. याला काही ठाऊकच नव्हते.

"आजी, काचेवर कसला तरी रंग सांडलाय. पुसते हं."

ताई जवळ वाकली. "थांब," ती म्हणाली. "ते माझं आहे."

दोन्ही हात थांबले. ताईने बाटलीची गोष्ट सांगितली. त्या सकाळी ह्यांनी मागून नेली होती, ती परत आलीच नाही. नव्या इंजिनासाठी खूण करायची आहे असे म्हणाले होते. मग तिने विचारले, हा तांबडा काटा काय सांगतो? मुलीने समजावून सांगितले. सगळे ऐकल्यावर ताईने आपले सुरकुतलेले बोट काचेवर ठेवले, आधी रेषेवर आणि मग माझ्यावर.

"म्हणजे पलीकडे गेलाच नाही?"

"नाही, आजी. एकदाही नाही."

"मग गाडी अडली कशी?"

मुलीने बोळा खाली ठेवला. "इंजिन आतून जखडलं असणार," ती म्हणाली. "जोडताना काही घट्ट बसलं असेल. धातूतच दोष असेल. आता कळायला मार्ग नाही."

इंजिन कोणी जोडले होते, हे त्या खोलीत सांगायची गरज नव्हती. कोपऱ्यात एक शिलाई मशीन उभे होते. ताई त्याच्याकडे बघत राहिली.

"आणि ती कळ पिळली असती तर?"

"काटा शून्यावर गेला असता. काहीच उरलं नसतं."

"ह्यांना माहीत असेल ना हे?"

"माहीत असणारच."

ताई खुर्चीत टेकली. "जन्मभर बोलले नाहीत," ती म्हणाली. "मला त्याच्यावर रागवू दिलं. आणि पिळलीही नाही." यातले कुठले वाक्य रागाचे होते आणि कुठले मायेचे, हे मला कळले नाही. मी गिरक्या मोजणारा काटा, माझी धाव तेवढीच.

संध्याकाळी तिने कपड्यांखालचा फोटो बाहेर काढला. पदराने पुसला आणि भिंतीवर लावला. नवऱ्याच्या फोटोशेजारी नाही, समोरच्या भिंतीवर. दोघांना एकमेकांकडे बघत ठेवून ती मध्ये बसली.

मीटर तिने देऊन टाकले, पण एका अटीवर. त्याची तुटलेली स्प्रिंग दुरुस्त करायची नाही आणि त्याला इंजिनाकडून येणारी केबल जोडायची नाही. कारण इंजिन चालले की पांढरा उठेल आणि मला रेषेपलीकडे ढकलेल. गाडीचे मालक कुरकुरले. धावत्या गाडीत मुके मीटर, लोक हसतील म्हणाले. मुलगी म्हणाली, हे मीटर आहे म्हणून ही गाडी ती गाडी आहे. मग त्यांनी अट मान्य केली.

तेव्हापासून मी पुन्हा माझ्या जागी आहे, तिरका. प्रदर्शनाच्या दिवशी इंजिन सुरू होते, फळी थरथरते आणि मला झाडांमागचे ते वळण ऐकू येते. पांढरा उठत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली की तिला आधी पुसू नका. आधी तिच्याकडे नीट बघा. तिच्यावरचा डाग कुणाच्या तरी हातचा असतो. ती जिथे थांबली आहे, तिथे ती का थांबली हे एखाद्या माणसाला विचारा, ते माणूस हयात आहे तोवर. स्वच्छ करणे हे प्रेमच आहे, पण प्रेमाने केलेले पुसणेही पुसणेच असते.

मी अजून गुलाबी रेषेच्या जवाभर अलीकडे उभा आहे. कळ माझ्या पाठीमागेच आहे. ती कुणालाही पिळता येते.